नागाची ना-हरकत

नवी मुंबईच्या चित्रपट-इतिहासात प्राण्याने केलेली सर्वांत गाजलेली भूमिका एका सापाची आहे. २०२१ च्या डिसेंबरात, नाताळच्या रात्री, पनवेलजवळच्या फार्महाउसवर तो सलमान खान यांना चावला. त्यांना कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात नेलं. साप बिनविषारी निघाला, काही तासांत त्यांना घरी सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पनवेलकरांनी आपल्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या तेवढ्या वाहिन्यांच्या गाड्या फार्महाउसच्या दारात पाहिल्या. खुद्द सलमान यांनीच सांगितलं, की साप तीनदा चावला आणि तरीही त्याला न मारता जंगलात सोडलं. इजा झाली ती नटाला, प्राणी सुखरूप. इतका चोख प्रसंग पशुकल्याणाच्या नियमावलीलाही सुचला नसता.

याच नटाच्या खात्यावर दुसऱ्या एका प्राण्याची नोंद आहे. १९९८ साली जोधपूरकडे ‘हम साथ-साथ हैं’चं शूटिंग चालू होतं. चित्रपट असा सात्त्विक, की त्यात कुणी कुणाला मोठ्या आवाजात ओरडायचं म्हटलं तरी आधी आईच्या पाया पडावं लागावं. कॅमेऱ्यासमोर कुठल्याही प्राण्याला धक्का लागला नाही. काळवीट मेलं ते शूटिंग नसताना. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली, सलमान जामिनावर सुटले, अपील झालं. बरोबरचे कलाकार निर्दोष सुटले. निकाल जो लागायचा तो लागेल. पण चित्रपटातल्या प्राण्यांची काळजी म्हणजे कॅमेरा चालू असतानाची काळजी, हा आपला समज त्या काळविटाने तेव्हाच निकालात काढला होता. आपण मात्र ‘प्राण्यांना इजा नाही’ हीच पाटी पडद्यावर वाचत बसलो.

वाशीच्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्हीही ती वाचता. आधी तंबाखूने खंगलेली फुप्फुसं, मग निर्मात्याने मानलेले आभार, मग ‘या चित्रपटाच्या निर्मितीत कोणत्याही प्राण्याला इजा पोहोचवलेली नाही’. तोवर पॉपकॉर्न अर्धं संपलेलं असतं. ही पाटी निर्मात्याच्या दयाबुद्धीतून आलेली नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली २००१ साली खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले, आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर त्यांना दात फुटले. चित्रपटात जनावर असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचा ना-हरकत दाखला आणा, नाहीतर सेन्सॉरचं प्रमाणपत्र विसरा. त्याआधी सेटवर जनावरवाला आणि प्रॉडक्शनवाला यांच्यात जे ठरेल तो कायदा होता.

नियम वाचले तर खरंच चांगले आहेत. घोड्याला पाडण्यासाठी पायात तार अडकवायची नाही, खड्डा खणायचा नाही. आगीजवळ न्यायचं नाही. स्फोट होत असतील, मोठे आवाज होत असतील, तिथे जनावर उभं करायचं नाही. गुंगीचं औषध देऊन अभिनय करून घ्यायचा नाही. सापाला काही गिळायला लावायचं नाही आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावरून सरपटायला लावायचं नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ज्युनिअर आर्टिस्टांच्या जथ्याला लोखंडी चिलखत घालून धावायला लावतात, त्यांना हे नियम कुणी लावले तर ते आनंदाने साप म्हणून नोंदणी करून घेतील.

आता हा दाखला देतो कोण? १९६२ साली स्थापन झालेलं हे मंडळ रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलं आणि पुढची अनेक दशकं चेन्नईत होतं. २०१८ च्या सुमारास ते हरियाणातल्या बल्लभगडला हललं. देशातला सर्वांत मोठा हिंदी आणि मराठी चित्रपटउद्योग मुंबईत, घोडे मुंबईत, पशुवैद्यक महाविद्यालय परळला, आणि उरणच्या शेतात नायिकेच्या मागे एक गाय रवंथ करताना दिसावी यासाठी कागद जाणार बल्लभगडला. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, इथे उंट हरियाणात आणि शेळ्या उरणला. अर्ज आता ऑनलाइन होतो, हे खरं. गाय मात्र ऑनलाइन उभी राहत नाही. मंडळापुढे जातं काय, तर आधी अर्ज आणि जनावर धडधाकट असल्याचा डॉक्टरांचा कागद, आणि शूटिंग झाल्यावर चित्रीकरणाचा पुरावा. म्हणजे जो चौकटीत होता तेवढा भाग. चौकटीबाहेर घोडा किती तास उन्हात उभा होता, कोणत्या टेम्पोतून आला, पाणी कधी प्यायला, हे सांगणारा माणूस त्या फायलीत नसतो.

जुन्या काळी तर फाइलच नव्हती. १९३२ साली प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दुर्गाबाई खोटे चित्ता सोबत घेऊन वावरल्या. कोल्हापुरात तेव्हा चित्ता मिळणं अवघड नव्हतं. दरबाराला शिकारी चित्त्यांचा शौक होता. पुढे वीस वर्षांत चित्ता देशातूनच संपला, आता तो नामिबियाहून विमानाने आणावा लागतो. फिअरलेस नादियाने वाडियांच्या ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये (१९४२) सिंहांबरोबर काम केलं. आणि ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी खुद्द शांतारामबापू बैलाशी झुंजायला उतरले. बैलाने रिहर्सल गांभीर्याने घेतली, बापूंच्या डोळ्यांना जबर मार लागला, काही काळ डोळ्यांवर पट्ट्या आल्या. त्या अंधारात त्यांना ‘नवरंग’चे रंग सुचले. आपल्या सिनेमाच्या इतिहासात जनावराला इजा करायला निघालेल्या दिग्दर्शकाची ही एकमेव वसूल झालेली भरपाई असावी.

त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तेव्हा घोडे पडत, मरत, आणि कुणी मोजत नसे.

आता मोजतात. मोजायला कधीकधी प्रयोगशाळा लागते, एवढंच. २०१६ साली गोरेगावच्या चित्रनगरीत ‘नागार्जुन - एक योद्धा’ या हिंदी मालिकेचं शूटिंग चालू होतं. नाग गळ्यात, हातात घेतलेला व्हिडिओ समाजमाध्यमांवर आला. तक्रार झाली. मालिकावाल्यांचं म्हणणं पडलं, की तो नाग खरा नव्हेच, ती व्हीएफएक्सची करामत. वनखात्याने व्हिडिओ कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला. प्रयोगशाळेने सांगितलं, नाग खरा आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत कलाकार आणि निर्मितीतली माणसं यांना अटक झाली. हिंदी मालिकांच्या इतिहासात एखाद्याचा अभिनय खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि ते मिळालं नागाला.

गोरेगावातच २०२३ च्या जुलैत ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या बछड्यासह येऊन गेला. सेटवर दोनशेच्या आसपास माणसं. बिबट्याकडे ना-हरकत दाखला नव्हता. खरं तर हरकत घ्यायचा हक्क त्याचाच. चित्रनगरी उभी आहे ती त्याच्या जंगलाच्या कडेला. पण ‘सेटवर बिबट्या घुसला’ अशी बातमी झाली. जंगलात सेट घुसला, अशी बातमी करायला आपल्याकडे कॅमेरामन मोकळा नसतो.

वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांचे खेळ करण्यावर नव्वदीच्या दशकातच बंदी आली. त्यामुळे ‘छावा’तला सिंह संगणकातून येतो आणि ‘बाहुबली’तला भल्लालदेवाशी झुंजणारा बैलही. हे उत्तमच झालं. मात्र प्रेक्षकाची फसवणूक नको म्हणून कोपऱ्यात ‘सीजीआय’ अशी बारीक अक्षरं उमटू लागली, आणि त्याची मजा वेगळीच. नायकाने एका फटक्यात चाळीस माणसं उडवली तर कोपऱ्यात काही येत नाही. कोंबडी फडफडली की लगेच खुलासा. तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड आज कड्याला लावायची म्हटली तर दोन पर्याय: घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे जन्माची अद्दल घडवून घ्या, किंवा संगणकावर काढा. संगणकवाल्याचं बिल पाहून काही निर्माते दोरानेच कडा चढवतील. इतिहासकारही सुटकेचा नि:श्वास टाकतील, त्यांचं तेच म्हणणं होतं.

खरं दुखणं घोड्याचं. घोड्यावर बंदी नाही आणि घोड्याशिवाय आपला इतिहास हलत नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जेवढे शिवकालीन चित्रपट आणि मालिका आल्या, तेवढ्या मोहिमा खुद्द शिवकालात झाल्या असतील का, याची मला शंका आहे. पनवेल ओलांडून कर्जतच्या वाटेला लागलं, की किल्ले, महाल, तोफा, सगळं प्लास्टर ऑफ पॅरिसचं मिळतं. हाडामांसाचा तेवढा घोडाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’च्या शूटिंगमध्ये हैदराबादच्या रामोजी चित्रनगरीत एक घोडा मेला. पेटा या संस्थेने तक्रार केली, अब्दुल्लापूरमेट पोलिसांनी निर्मितीसंस्थेवर आणि घोड्याच्या मालकावर गुन्हा नोंदवला. हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या दिग्दर्शकांपैकी एकाचा चित्रपट. पैसा होता, संगणक होता. तरी लढाईत खरा घोडा पळवल्याशिवाय दिग्दर्शकाला इतिहास पटत नाही. प्रेक्षकाला पटतो. त्याने प्लास्टरचा दरवाजा मान्य केलेलाच असतो.

परदेशात सगळं आलबेल आहे, अशा समजात कुणी असेल तर त्यानेही सावध व्हावं. ‘प्राण्यांना इजा झाली नाही’ ही पाटी मुळात अमेरिकन ह्यूमेन या संस्थेची. १९३९ च्या ‘जेसी जेम्स’मध्ये घोड्याला कड्यावरून खाली टाकलं, तो मेला, त्यावर गदारोळ झाला आणि त्या संस्थेला सेटवर नजर ठेवायला बसवलं. सत्तर-बहात्तर वर्षांनी ‘द हॉबिट’ न्यूझीलंडमध्ये तयार झाला. प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांनी आरोप केला, की ज्या शेतावर जनावरं ठेवली तिथल्या खड्ड्यांनी, कुंपणांनी आणि हलगर्जीपणाने सत्तावीस जनावरं मेली. निर्मात्यांनी आरोप मान्य केले नाहीत. संस्थेचं म्हणणं, आमची नजर शूटिंगवर असते, शेतावर नाही. पाटीतला शब्दन् शब्द खरा ठेवून जनावरं मरू शकतात, हे त्यातून कळलं. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बहुतेक संगणकाचा होता. जो थोडा खरा होता तो पाण्यात बुडता बुडता वाचला, आणि सेटवरच्या निरीक्षक बाईंनीच सहकाऱ्याला ईमेल लिहून ते कुणाला सांगू नको म्हटलं. हे २०१३ मध्ये ‘द हॉलिवूड रिपोर्टर’ने छापलं तेव्हा बाहेर आलं. तिकडे निदान निरीक्षक सेटवर होत्या. आपला निरीक्षक म्हणजे फाइल.

पण मोठ्या चित्रपटांवर फार दात ओठ खाऊ नये. त्यांच्या वाटेत निदान सेन्सॉरचा नाका आहे. मालिकेच्या वाटेत नाही, ओटीटीच्या वाटेत नाही, रीलच्या वाटेत तर सिग्नलसुद्धा नाही. वाशीच्या टोलनाक्यावर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफी आहे, तशी ही माफी. रील हे हलकं वाहन. मोठा ट्रक थांबवून कागद तपासायचे आणि शेजारून हजार मोटारी सुसाट सोडायच्या. ज्या घोड्याला चित्रपटात फटाक्यापासून लांब ठेवायचा नियम आहे, तोच घोडा त्याच संध्याकाळी खारघरच्या वरातीत डीजेच्या भिंतीला पाठ लावून उभा असतो. पुढे आतषबाजी, डोक्यावर ड्रोन, पाठीवर नवरदेव, आणि समोर वेडिंग सिनेमॅटोग्राफर नावाचा इसम ‘भैया, जरा नचाओ ना’ म्हणून ओरडतोय. कॅमेरा तसाच, अनेकदा सिनेमाचाच, भाड्याने आणलेला. दाखला मात्र नको, कारण हा सिनेमा चित्रपटगृहात लागणार नाही, फक्त नातेवाइकांना तीन तास बघावा लागणार आहे. नातेवाइकांना इजा पोहोचली नाही, अशी पाटी या सिनेमांना सक्तीची करायला हरकत नाही.

आणि आपल्या शहराचे ब्रँड अँबॅसडर? नवी मुंबईने स्वत:ला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलं. चौकाचौकात गुलाबी पुतळे उभे केले, भिंतींवर चित्रं काढली. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. मग २०२४ च्या उन्हाळ्याआधी नेरूळच्या जेट्टीकडे उभारलेल्या एका मोठ्या फलकावर आपटून खरे फ्लेमिंगो मेले, तेव्हा फलक काढला. शेजारच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायची वाट बुजली म्हणून पक्षी तळमळले. त्याच तलावाच्या काठाने दर रविवारी प्री-वेडिंगची जोडपी येतात. पक्षी शांत चरत असतील तर शॉट मिळत नाही. शॉट मिळतो तो थवा उडाला की. थवा कसा उडतो? कुणीतरी टाळी वाजवतं, कुणी दगड भिरकावतं, कुणी ड्रोन खाली आणतं. शेकडो किलोमीटरवरून, कच्छकडून, पोट भरायला आलेल्या पक्ष्याला वधूच्या ओढणीशी रंग जुळतो म्हणून फुकटात नाचवायचं. या निर्मितीत प्राण्यांची गर्दी आहे, मानधन नाही, पाणी नाही, डॉक्टर नाही आणि परवानगीचा अर्ज कुठे करायचा हे विचारण्याचीही कुणाला गरज वाटत नाही.

यावर लोक म्हणतात, कायदा कडक आहे. आहे ना. जनावर मारलं किंवा कायमचं लुळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. पण तहानलेलं ठेवलं, घाबरवलं, झोडपलं, उन्हात तासन्‌तास उभं केलं, तर १९६० चाच कायदा: पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. नोंदणी न करता जनावराचे खेळ केले तर पाचशेपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपये ही रक्कम होती. त्यानंतर कायदा तिथेच उभा राहिला, नाटकात राजाच्या मागे भाला घेतलेला शिपाई उभा राहतो तसा, संवादाविना. २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवणारा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला केला. हरकती आल्या असतील. दंड पन्नासावरच आहे.

माझं म्हणणं फार मोठं नाही. मुंबई, ठाणे, रायगड इथल्या शूटिंगच्या परवानग्या इथल्याच पशुवैद्यकांच्या हाती द्या. जिथे जनावर तिथे दिवसभर डॉक्टर, आणि त्या डॉक्टरचं नाव श्रेयनामावलीत, ‘इजा झाली नाही’ या पाटीच्या जागी. नाव छापलं की माणूस जबाबदारीने वागतो, निदान त्याची आई चित्रपट बघायला जाते. मालिका आणि ओटीटीलाही हाच नियम लावा. रील आणि वराती सरकारच्या हाताबाहेर आहेत, त्या तुमच्या-माझ्या हातात आहेत.

तेव्हा येत्या लग्नसराईत वरातीचा घोडा ठरवताना घोडेवाल्याला एवढंच सांगा: लगाम आधी दाखव. आतून काटे असलेला लगाम १९६५ च्या नियमांपासून बेकायदा आहे, आणि तो बघायला घोड्याचं तोंड उघडावं लागतं, बल्लभगडला जावं लागत नाही. काटे दिसले तर घोडा परत पाठवा, नवरदेवाला रिक्षाने आणा, आणि पोलिसांत तक्रार द्या. हवालदार हसेल, दंड पन्नास रुपयेच आहे म्हणेल. त्याला म्हणावं, असू दे, पन्नासचीच पावती फाड.